फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकल सहल : मोटारी नसलेली वाट कोणती?

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी. पुढच्या सप्टेंबरात आम्ही चौघे फ्रान्समध्ये सायकलवर फिरायचं ठरवतो आहोत. मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासरे. सासरे ६७ वर्षांचे आहेत, पण नाशिकला रोज पहाटे गंगापूर रोडने सायकल चालवून येतात, त्यामुळे तब्येतीची चिंता नाही. चिंता आहे ती मागून येणाऱ्या गाड्यांची. इथे ट्रक बाजूने गेला की आम्ही जीव मुठीत धरतो, तेच करायला इतक्या लांब जायचं नाही.

ज्याला विचारावं तो ल्वार नदीचं नाव घेतो. नकाशा मोठा करून पाहिला, तर त्या मार्गाचे बरेच तुकडे गावच्या रस्त्यांवरून जाताना दिसतात. आम्हाला गाड्या अजिबात नसलेली वाट हवी आहे. पॅरिस आणि संग्रहालयं या वेळी नकोत. शेतं, द्राक्षमळे, लहान गावं, संध्याकाळी पायी एक फेरी मारता येईल असे मुक्काम. दिवसाला ३५-४० किलोमीटर, चढ कमी. सासरे आणि मी शाकाहारी.

अशी वाट सलग मिळते का? की थोडी मोकळी, थोडी रस्त्याची असंच सगळीकडे असतं? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा.

तुलूझकर :

ताई, मिळते, आणि चांगली लांब मिळते. फक्त शोधताना मार्गाच्या नावाकडे बघू नका. ती वाट मुळात कशासाठी बांधली होती ते बघा.

नकाशांवर दोन वेगळे प्रकार बहुतेकदा शेजारीशेजारी दाखवलेले असतात. 'व्हेलोरूत' म्हणजे पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा सायकल मार्ग. त्यात मोकळी वाटही येते आणि कमी वर्दळीचा गावरस्ताही येतो. 'व्हुआ व्हेर्त'वर मात्र मोटारींना कायद्याने बंदी आहे. २००४ पासून तिला फ्रान्सच्या वाहतूक नियमांत स्वतंत्र जागा आहे : सायकलस्वार, पायी चालणारे आणि काही ठिकाणी घोडेस्वार. निळ्या चौकोनी पाटीवर पादचारी आणि सायकल असं चित्र दिसलं की लेकीला खुशाल पुढे जाऊ द्या. ल्वारचा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग पहिल्या प्रकारचा आहे. सुंदर आहे, पण तुमची अट तो पूर्ण करत नाही.

आता या वाटा आल्या कुठून ते सांगतो, कारण त्यावरूनच चढाचा अंदाज येतो. १८७९ साली तेव्हाचे बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी जवळपास प्रत्येक लहान प्रशासकीय गावापर्यंत रेल्वे नेण्याची योजना आणली. पुढे बस आणि मोटारी आल्या, आणि विसाव्या शतकात ते फाटे एकामागून एक बंद पडले. रूळ उचलले गेले, पण भराव, पूल, बोगदे, स्टेशनच्या इमारती जागेवर राहिल्या. आगगाडीला साधारण दोन-तीन टक्क्यांच्या वरचा चढ झेपत नसे, म्हणून त्या वाटेवर तुमच्या सासऱ्यांचीही दमछाक होणार नाही. कालव्याचे काठ तर याहून सपाट. नावा ओढणारे घोडे ज्या पट्ट्यावरून चालत, तोच आज सायकलचा. चढ येतो तो फक्त लॉकपाशी, म्हणजे नावा वरखाली करणाऱ्या पाण्याच्या दारांपाशी, तोही एका दमात संपणारा.

म्हणून माझं उत्तर : गारोनचा कालवा. तुलूझपासून कास्ते-आं-दोर्तपर्यंत १९३ किलोमीटर, ५३ लॉक, आणि जवळजवळ संपूर्ण काठ डांबरी. बोर्दोच्या बाजूने सुरुवात करून तुलूझला या.

बोर्दोहून निघताना एक आणखी सुरेख वाट आहे, जुन्या बोर्दो-एमे रेल्वेमार्गावरची, रोजे लापेबी यांच्या नावाची. लापेबी १९३७ सालच्या तूर द फ्रान्सचे विजेते. त्याच वर्षी त्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला पहिल्यांदा परवानगी मिळाली होती. वाट द्राक्षमळ्यांतून, क्रेआँच्या जुन्या स्टेशनावरून, एका बोगद्यातून सोव्हतेर-द-गियेनपर्यंत जाते. मात्र सोव्हतेरपासून कालव्यापर्यंतचा टप्पा गावरस्त्यांचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तो टाळायचा असेल तर लापेबी वाटेवर एक दिवस जाऊन-येऊन करा, आणि मग बोर्दोहून आगगाडीने ला रेओलला उतरा. तिथून नदीचा पूल ओलांडून फाँतेला कालवा गाठायचा. तेवढाच भाग रस्त्याचा, तो रविवारी सकाळी केलात तर गावात चिटपाखरू नसतं.

पेडलपुराण :

तुलूझकरांच्या माहितीबद्दल वाद नाही, पण मी थोडी वेगळी बाजू मांडतो. कालव्याचा काठ दोन दिवस छान वाटतो. तिसऱ्या दिवशी डावीकडे पाणी, उजवीकडे चिनारासारखी प्लेनची झाडं, समोर सरळ रेघ. गाव वर टेकडीवर, आपण खाली. फ्रान्सचा ग्रामीण भाग पाहायचा तर तिथल्या लहान रस्त्यांवर जायला हवं.

मी २०१९ ला पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस केली. १८९१ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा आता दर चार वर्षांनी रँडोनिअर, म्हणजे लांब पल्ल्याच्या हौशी सायकलस्वारांसाठी होते, १२०० किलोमीटर, ९० तासांत. त्या वर्षी भारतातून शेकडो जण आले होते, पुण्या-मुंबईचे कितीतरी ओळखीचे चेहरे भेटले. सगळा मार्ग रस्त्यांवरचा. रात्री दोन वाजता घरासमोर टेबल मांडून पाणी आणि कॉफी देणारी माणसं मी तिथे पाहिली. गाड्यांचा त्रास म्हणाल तर गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे आणि तो बहुतेक लोक पाळतात.

ल्वारला सरसकट नाही म्हणू नका. ब्लुआ ते तूर आणि पुढे सोम्यूर हा टप्पा करा. नदीच्या पूर-बांधावरून वाट जाते, व्हिलांद्रीची बाग लागते, सोम्यूरजवळ पांढऱ्या दगडात कोरलेली घरं आणि मशरूमच्या गुहा आहेत. स्युलीपासून शालोनपर्यंतचा नदीपट्टा २००० साली जागतिक वारशात गेला. शक्य असेल तर समुद्राकडून आत, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. वारा बहुधा पाठीशी राहतो.

गोदाकाठ :

पेडलपुराण, तुमच्या रात्रीच्या कॉफीचं वर्णन वाचून सासरे खूश झाले. पण आमचा प्रश्न राहतोच. दीड मीटरचा नियम मला धीर देतो, लेकीला देत नाही. मागून आवाज आला की ती हँडल घट्ट धरते आणि कडेला सरकते. रस्त्यावर आम्ही एकामागून एक जातो, कुणी कुणाशी बोलत नाही, मी सतत मागे वळून मोजत असते की सगळे आहेत ना. आजोबा-नात शेजारीशेजारी गप्पा मारत चालले आहेत, हे मला एकदा पाहायचं आहे. वाट सरळसोट असली तरी चालेल.

पेडलपुराण :

हे पटलं. एकट्याने किंवा अनुभवी गटाने जाणं वेगळं. मुलगी सोबत असेल तर ताशी ८० च्या मर्यादेचा जिल्हा रस्ता मीही नाही सुचवणार. माझा मुद्दा कालव्याच्या एकसुरीपणाचा होता. त्यावर रेल्वेच्या जुन्या वाटा हा जास्त चांगला उपाय आहे, त्या वळतात, दरीतून जातात. दक्षिणेत ओ-लांगदोकच्या डोंगरांतली मझामे ते बेदारिउ ही वाट बघा, पासा-पाइस नावाची, पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. बोगदे, उंच पूल, ओलार्गचं जुनं गाव. किंवा आर्देशमधली दोल्चे व्हिया, एरिउ नदीच्या दरीतून ला व्हुल्तपासून वर चढत जाणारी. ती खडीची आहे, टायर थोडे रुंद घ्या.

बकुळ :

मी बर्गंडीचं सांगते, कारण ही सगळी कल्पना फ्रान्समध्ये जिथे रुजली ती ही जागा. झिव्री ते क्लुनी ही देशातली पहिली व्हुआ व्हेर्त मानली जाते. १९९७ मध्ये सुरू झाली, सुमारे ४४ किलोमीटर, जुन्या रेल्वेमार्गावर. मी आईबरोबर गेले होते, तिने कित्येक वर्षांत सायकल चालवली नव्हती, आणि तिने ही वाट आनंदाने केली.

झिव्रीहून निघालं की ब्युक्सीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. सें-जांगूला वर जुनं गाव आहे, तिथे सायकल खाली ठेवून चढून जा. अरुंद गल्ल्या, दगडी छपरं, दुपारी एक माणूस दिसत नाही. कॉर्मातँचा वाडा वाटेला लागूनच. पुढे तेझेची टेकडी दिसते. १९४० मध्ये ब्रदर रोझे तिथे आले आणि आज जगभरातून तरुण मुलं त्या छोट्याशा गावात प्रार्थनेला येतात. वाटेवर पाठपिशव्या घेतलेली मुलं भेटत राहतात.

क्लुनीला मात्र घाई करू नका. तिथल्या मठाचं चर्च रोमचं नवं सेंट पीटर उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. क्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि लोकांनी दगडाची खाण समजून तोडून नेलं. क्रुसाच्या आकाराच्या त्या चर्चच्या एका आडव्या हाताचा भाग आणि त्यावरचा मनोरा एवढंच उभं आहे. रिकाम्या जागेत खांबांचे बुंधे ठेवले आहेत, त्यांच्यामधलं अंतर चालून पाहिलं की ती इमारत किती मोठी असेल ते कळतं. मला कुठलाही अखंड किल्ला पाहून इतकं भरून आलं नव्हतं.

क्लुनीच्या पुढे माकाँच्या दिशेने बुआ क्लेरचा बोगदा लागतो, १.६ किलोमीटर लांब. आत दिवे आहेत, पण गारवा इतका की उन्हाळ्यातही जाकीट चढवावं लागतं. हिवाळ्यात वटवाघळं तिथे झोपतात म्हणून बोगदा बंद ठेवतात. सप्टेंबरात तो उघडा मिळेल. बंद असेल तेव्हा वरून खिंड ओलांडायची, ती चांगलीच चढाची आहे.

माकाँला पोचल्यावर परत त्याच वाटेने यायची गरज नाही. सोन नदीच्या काठाने तुर्न्यूवरून शालाँला येता येतं. असं पूर्ण वर्तुळ साधारण १४० किलोमीटरचं होतं. तुमच्या वेगाने आरामात होईल. शालाँहून झिव्रीकडे जाताना आणि माकाँजवळ मात्र थोडं लक्ष द्या, शालाँ आणि माकाँ दोन्ही शहरं आहेत.

तुलूझकर :

बकुळ, क्लुनीबद्दल अगदी मनातलं लिहिलंत.

कालव्याच्या एकसुरीपणाबद्दल मला थोडं बोलायचं आहे, कारण मी त्याच्या काठी राहतो. कालवा एकसुरी वाटतो तो त्याच्यावर फक्त पुढे पुढे जाणाऱ्याला. दिवसाला ३५ किलोमीटरच करायचे असतील तर दर दहा किलोमीटरला एक पूल ओलांडा आणि वर गावात जा. मेलाँ-स्यूर-गारोनला टेकडीच्या कठड्यावरून नदी, कालवा आणि रेल्वे तिन्ही एका नजरेत दिसतात. ल मास-दाझने नावाचं हजार-पंधराशे वस्तीचं गाव आहे. त्याच्या चर्चमध्ये रेम्ब्रांटने १६३१ मध्ये काढलेलं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं मूळ चित्र आहे. तिकीट नाही, रांग नाही. आझाँला कालवाच पुलावर चढून गारोन नदी ओलांडतो, २३ कमानींवरून. खाली नदी, वर नावा, आणि नावांच्या शेजारून तुम्ही सायकलवर. त्यापुढे गोल्फेशच्या अणुवीज केंद्राचे दोन प्रचंड मनोरे बराच वेळ समोर राहतात. ते काहींना खटकतात, पण तेही आजच्या ग्रामीण फ्रान्सचंच दृश्य आहे.

मुक्कामाचं गाव म्हणाल तर म्वासाक. तिथल्या मठाचं खांबांनी वेढलेलं अंगण ११०० सालचं, प्रत्येक खांबाच्या माथ्यावर वेगळं कोरीवकाम. स्पेनमधल्या सान्तियागोला पायी निघालेले यात्रेकरू तिथे थांबतात, त्यामुळे साध्या, स्वच्छ, स्वस्त जागा मिळतात. आणि सप्टेंबर म्हणजे शास्ला द्राक्षांचा हंगाम. पिवळसर, पातळ सालीची, खाण्याची द्राक्षं. नाशिककरांनी ती खाऊन मत द्यायलाच हवं!

शेवगा :

धागा छान चाललाय. पण शाकाहाराचं कुणी लिहिलं नाही. गावात जेवण मिळतं का? मी ऐकलंय की नैऋत्य फ्रान्समध्ये सगळं बदकाच्या चरबीत असतं.

केतकी :

मी ब्रिटनीत राहते, शाकाहारी आहे, तर लिहिते.

नैऋत्येबद्दल ऐकलंत ते बऱ्याच अंशी खरं आहे. कासुले म्हणजे मांस घातलेली घेवड्याची उसळ, बदक, यकृत, सॅलडवरसुद्धा मांसाचे तुकडे. शेळीच्या चीजचं सॅलड मागवलं तरी त्यात डुकराचे बारीक तुकडे असू शकतात, म्हणून आधी 'सां लार्दाँ' म्हणायचं. घरगुती मुक्कामात रात्रीचं जेवण यजमानांकडेच असतं. बुकिंग करतानाच 'नी व्हियांद, नी प्वासाँ' (मांस नको, मासे नकोत) असं लिहून कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर त्या बाईंची अडचण होते आणि तुमची उपासमार. आधी कळवलं तर मनापासून करतात. मला एकदा अशा घरी परसातल्या भाज्यांचं इतकं सुंदर जेवण मिळालं की अजून आठवतं.

वेळा मात्र पाळाव्या लागतात. दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, आणि कुणी ते तुमच्यासाठी उघडणार नाही. बेकऱ्या सकाळी लवकर उघडतात, पण लहान गावात बऱ्याचदा सोमवारी बंद. रविवारी दुपारनंतर दुकानं शोधू नका. म्हणून पिशवीत नेहमी एक जेवण असू द्या : पाव, चीज, टोमॅटो, फळं. स्वयंपाकघर असलेली राहायची जागा मिळाली तर मसूर आणि भात करता येतो, सुपरमार्केटात दोन्ही मिळतं. घरून मेतकूट, चटण्या, लोणचं आणा. तूप, पेढे, खवा आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पाण्यासाठी इथले सायकलवाले गावच्या स्मशानभूमीत जातात. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो. 'ओ नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

आता माझ्या भागाची बाजू घेते. नाँत ते ब्रेस्त कालवा, ३६४ किलोमीटर. इंग्रजांनी समुद्र अडवला होता म्हणून नेपोलियनच्या काळात आतून वाट काढायला हा खोदायला घेतला. ग्लोमेलजवळ कालव्याचा सर्वांत उंच भाग आहे, तिथला खोल चर १८२३ ते १८३२ या काळात ब्रेस्तच्या तुरुंगातल्या कैद्यांनी हाताने खणला. आज तिथे झाडी दाटलेली आहे, पाणी काळंशार, आणि मैलोनमैल माणूस नाही. जोसलँला किल्ल्याच्या तीन मनोऱ्यांच्या पायथ्याशी पाणी येतं, ती जागा लेकीला नक्की आवडेल. मध्ये गेर्लेदाँचं धरण बांधल्यावर कालवा तुटला, लॉक पाण्याखाली गेले, तिथे वळसा आणि चढ आहे. वाट दाबलेल्या मुरमाची, पावसानंतर चिखल होतो. आणि पाऊस इथे सप्टेंबरातही येतो. जेवणाला गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं मिळतं, अंडं-चीज किंवा नुसतं मशरूम घालून, आणि ते प्रत्येक गावात.

पहिल्याच सहलीसाठी, सासऱ्यांना घेऊन, मी तरी गारोनच सुचवीन. ब्रिटनी दुसऱ्या वेळी.

ऱ्हाइनकर :

मी शेजारच्या देशातून दरवर्षी फ्रान्समध्ये सायकल घेऊन जातो, थोडं व्यवहाराचं लिहितो.

गारोनच्या बाजूने माझाही कौल, आणि त्याचं कारण आगगाडी. कालवा १८५६ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी बोर्दोहून भूमध्य समुद्राकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. १८५८ मध्ये कालवाच त्या रेल्वे कंपनीला भाड्याने दिला गेला, आणि साहजिकच कंपनीने स्वतःच्या गाड्यांचं भलं पाहिलं. नावांचा धंदा बसला. पण त्यामुळे आज आपल्याला कालव्याच्या जवळून जाणारी लोकल गाडी मिळते : ला रेओल, मार्मांद, तोनाँ, आझाँ, व्हालांस, म्वासाक, कास्तेलसाराझँ, माँतोबां. कुणी थकलं, पाऊस लागला, चेन तुटली, तर पुढच्या स्टेशनावर जाऊन गाडीत बसायचं. वयस्कर माणूस सोबत असताना याच्याइतका आधार दुसरा नाही.

प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुतेक वेळा विनाशुल्क जाते, पण जागा मोजक्या असतात. चार सायकली म्हणजे मोठा गट. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ टाळा, आणि जमलं तर दोन-दोन करून वेगळ्या डब्यांत चढा. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलसाठी आरक्षण आणि वेगळं तिकीट लागतं. वेगवान गाड्यांत प्रत्येक गाडीत सोय असेलच असं नाही, तिकीट काढतानाच बघा.

भारतातून सायकली आणण्यापेक्षा भाड्याने घ्या. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडता येते, आणि सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारेही आहेत. टायर ३५-४० मिलिमीटरचे मागा. प्लेनची मुळं डांबर वर उचलतात, त्यामुळे बारीक टायर त्रास देतात. रस्ता ओलांडायच्या जागी वाटेवर नागमोडी अडसर असतात, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून. दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या असतील तर त्यातून सायकल काढणं कठीण जातं, म्हणून सामान कमी ठेवा.

राहण्याच्या जागा निवडताना 'आकेय व्हेलो' हे चिन्ह बघा. ते असलेली जागा सायकल मार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असते, सायकली कुलपात ठेवता येतात, दुरुस्तीची हत्यारं मिळतात. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे आणि किमान ३० हजार युरोचा आरोग्य विमा लागतोच, त्यामुळे रद्द करता येणारी बुकिंग आधी करून ठेवा.

नियम थोडेच आहेत. हेल्मेट १२ वर्षांखालील मुलांना सक्तीचं. तुम्ही सगळ्यांनीच घाला. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट लागतं. सप्टेंबरात गारोनच्या खोऱ्यात सकाळी धुकं पडतं, म्हणून ते वरच ठेवा. वाटेवर पायी चालणाऱ्यांचा मान पहिला. आधीच हलकी घंटा आणि जवळ गेल्यावर 'बाँजूर'. कालव्याकाठी गळ टाकून बसलेल्यांच्या काठ्या वाटेवर आडव्या असतात, तिथे वेग कमी करा. क्वचित लॉकच्या देखभालीची गाडी येते, तेवढाच मोटारीचा संबंध.

गोदाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात नकाशा भिंतीवर लागला आहे. आमचं ठरतंय ते असं : बोर्दोला लापेबी वाटेवर एक दिवस, मग ला रेओल, आणि तिथून ल मास-दाझने, ब्युझे, आझाँ, म्वासाक, माँतेश, तुलूझ. म्वासाकला एक दिवस जास्त.

शेवटचा प्रश्न. लेकीला कार्कासोनचा तटबंदीचा किल्ला पाहायचा आहे. तुलूझपासून पुढे मिदी कालव्याच्या काठाने सायकलवर जावं का? तो तर याहून प्रसिद्ध आहे.

तुलूझकर :

अर्धं जा, अर्धं आगगाडीने जा.

मिदी कालवा म्हणजे पिएर-पोल रिके या माणसाचं काम. १६६६ मध्ये सुरू झाला आणि १६८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, खुला झाला. तुलूझपासून साधारण ५० किलोमीटर काठ उत्तम डांबरी आहे, नोरूझच्या उंचवट्यापर्यंत. ती जागा बघाच. काळ्या डोंगरातून ओढ्यांचं पाणी सें-फेरेओलच्या तलावात साठवून, चरांनी तिथवर आणलं आहे. तिथे ते दोन दिशांना वाटलं जातं, काही अटलांटिककडे, काही भूमध्य समुद्राकडे. सर्वांत उंच बिंदूवर पाणी आणायचं कसं, हे कोडं रिकेने सोडवलं, म्हणूनच कालवा झाला. आठवीतल्या मुलीला ही गोष्ट तिथे उभं राहून सांगितली तर भूगोल आणि विज्ञान दोन्ही डोळ्यांसमोर येतील.

त्याच्या पुढे औद जिल्हा लागतो आणि वाट बदलते. काही टप्पे सुधारले आहेत, पण बराच काठ मातीचा, अरुंद, मुळांनी उखडलेला. काही जागी पाय घसरला तर थेट पाण्यात. सावलीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. कालव्याच्या काठी सुमारे ४२ हजार प्लेनची झाडं होती. २००६ मध्ये त्यांच्यावर एका बुरशीचा रोग सापडला आणि लागण थांबवण्यासाठी हजारो झाडं तोडून जाळावी लागली. नवी लावली आहेत, वेगवेगळ्या जातींची, पण ती मोठी व्हायला वेळ आहे. जुनी रांग आठवते त्या माणसाला तो भाग पाहताना फार वाईट वाटतं.

म्हणून नोरूझपर्यंत सायकल, तिथून कास्तेलनोदारीला जाऊन आगगाडी, आणि कार्कासोनला स्टेशनाबाहेर पडलात की समोरच कालवा. किल्ला तिथून चालत अर्ध्या तासावर.

आणखी एक. तुलूझमध्ये शिरताना शेवटचे काही किलोमीटर गोदामांच्या भागातून जातात, पण वाट तुटत नाही, मोठ्या रस्त्यांच्या खालून जाते. पाँ-झ्युमोला तीन कालवे एकत्र येतात. तिथे मिदी कालव्याचा काठ धरलात की थेट मातबियो स्टेशन. त्या तुकड्यात ऑफिसला जाणाऱ्या सायकलींची संध्याकाळी गर्दी असते आणि ते वेगात असतात, तर पाचच्या आत पोचा. माँतेश ते तुलूझ ४३ किलोमीटर आहे, त्यामुळे त्या दिवशी सकाळी आठला निघा. तारखा नक्की झाल्या की इथे टाका. शनिवार-रविवार असेल तर मी ग्रिझोलपर्यंत समोरून येतो आणि काकांबरोबर परत चालवतो.

गोदाकाठ :

सासरे म्हणाले, "त्यांना सांग, आठला नाही, सातला निघू." तारखा व्हिसाची वेळ मिळाल्यावर टाकते. बकुळ, तुमचं बर्गंडीचं वर्तुळ त्यांनी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवलंय.